माडावरील सोंड्या भुंगा: नुसते ल्यूर टांगून भागत नाही

पाऊस ओसरला की कोकणात माडांची साफसफाई सुरू होते. ताज्या कापातून रस झिरपतो, त्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि मादी तिथेच अंडी घालते. अळी आत शिरल्यावर खोडावर तपकिरी द्राव आणि चावलेला भुसा दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून आधी सापळे लावावेत, कोयता नंतर. झावळी खोडालगत छाटू नये. साधारण १२० सें.मी. देठ राखावा.

सापळ्याला ५ ते १० लिटरची झाकणाची बादली पुरते. काठाखाली चारही बाजूंना ५ सें.मी. रुंद आणि दीड सें.मी. उंच खिडक्या कापाव्यात. बाहेरून गोणपाट घट्ट बांधावे, म्हणजे भुंग्याला चढता येते. आतली बाजू गुळगुळीतच हवी. ल्यूर, म्हणजे भुंग्याला ओढणारी गंधाची पुडी, झाकणाला आतून तारेने टांगावे. पुडीला भोक पाडू नये, पाण्यात बुडू देऊ नये.

ल्यूरमध्ये नराचा गंध असतो. त्यावर नर-मादी दोन्ही येतात, पण आंबलेल्या वनस्पतीचा वास जोडीला नसेल तर फारच थोडे सापडतात. बादलीत १ लिटर पाणी, त्यात पाव किलो ठेचलेला ऊस किंवा अननसाच्या साली आणि चिमूटभर यीस्ट घालावे. बिनवासाचा साबण चमचाभर टाकला की भुंगे लवकर बुडतात. हे आंबवण दर ८-१० दिवसांनी बदलावे. 'ल्यूर बोगस निघाले' ही तक्रार नेहमीची. बादली उघडून पाहिली तर बऱ्याचदा तळाला वाळलेली चिपाडे असतात.

हेक्टरी एक सापळा, जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर, सावलीत आणि बागेच्या कडेला. कोवळ्या माडाला तो कधीही बांधू नये. आलेले सगळेच भुंगे बादलीत पडत नाहीत, काही शेजारच्या झाडावर बसतात आणि ५ ते २० वर्षांचे माड त्यांना विशेष आवडतात. खांब किंवा आंबा-काजूचे झाड बरे. शेजाऱ्यांनीही एकाच वेळी सापळे लावले तर उत्तम.

दर आठवड्याला भुंगे मोजावेत. सोंडेवर केसांचा झुबका असेल तो नर. गुळगुळीत सोंड मादीची.

गेंड्या भुंग्याचे ल्यूर वेगळे असते, ते याच बादलीत खपवू नये. त्याने शेंड्यात पाडलेल्या भोकातून सोंड्या आत शिरतो, त्यामुळे त्याचाही बंदोबस्त हवा. १ किलो एरंडी पेंड ५ लिटर पाण्यात भिजवून मडक्यांतून बागेत ठेवावी आणि पडलेले भुंगे रोज वेचून मारावेत.

आत असलेल्या अळीला सापळा काहीच करत नाही. पोखरलेला माड स्वतःच आंबूस वास सोडून आणखी भुंगे ओढतो. शेंडा कोलमडला असेल तर झाड तोडून, खोड चिरून, अळ्या-कोशांसकट जाळून टाकावे.