जप्त केलेला मोबाईल प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत

घटनास्थळी फोन सापडला की त्या क्षणापासून तीन गोष्टी तपासाच्या विरुद्ध धावू लागतात. बॅटरी उतरत असते. लांब बसलेलं कुणीतरी फोन पुसून टाकण्याचा आदेश पाठवू शकतं. आणि फोन स्वतःच आपलं कुलूप अधिक घट्ट करण्याच्या मार्गावर असतो. पहिल्या दोन गोष्टी जुन्या, सगळ्यांना ठाऊक आहेत. तिसरी गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलली आहे आणि जुन्या सवयीने काम केलं तर तिथेच पुरावा हातचा जातो. घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या अंमलदाराला आणि त्याचं काम पुढे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला उपयोगी पडावं, म्हणून हे टिपण.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. फोन ताब्यात घेण्याचा अधिकार आणि तो उघडून वाचण्याचा अधिकार एकच असेल असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रायली खटल्यात हाच फरक केला: अटकेच्या वेळी सापडलेला फोन जप्त करता येतो, पण त्यातली माहिती पाहायला साधारणपणे वॉरंट लागतं. आपल्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. माणसाचं सगळं खासगी आयुष्य त्या फोनमध्ये असतं, आणि त्यातला बहुतांश भाग गुन्ह्याशी संबंधित नसतो.

हात लावण्याआधी

फोन जिथे आहे तिथेच त्याचे फोटो काढा: लांबून एक, जवळून एक, आणि पडद्यावर काही दिसत असेल तर फक्त पडद्याचा एक. पडद्यावरची वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ दोन्ही लिहून ठेवा. हा फरक दोन मिनिटांचा असला तरी पुढे कॉलच्या नोंदी आणि कॅमेऱ्याचं चित्रण जुळवताना तोच कामी येतो. शेजारी चार्जर, केबल, स्मार्ट घड्याळ, दुसरं सिमकार्ड, मेमरी कार्ड किंवा आकडे लिहिलेला कागदाचा कपटा असेल तर तोही मुद्देमालात घ्या. फोनशी जोडलेल्या घड्याळात बऱ्याचदा संदेशांची प्रत असते.

हातमोजे घाला. फोनवर रक्त असेल किंवा फोन कुणी हाताळला हाच वादाचा मुद्दा असेल, तर बोटांचे ठसे आणि डीएनए आधी की आतली माहिती आधी, हे तज्ज्ञांशी बोलून ठरवा. ठशांची पावडर चार्जिंगच्या खाचेत गेली की केबल नीट बसत नाही. सायनोअ‍ॅक्रिलेटच्या (ठसे उठवणाऱ्या रसायनाच्या) वाफेने पडदा आणि खाचा खराब होऊ शकतात. म्हणून सर्वसाधारण क्रम असा: डीएनएसाठी कापसाची काडी फिरवून नमुना, मग माहिती काढणं, मग पावडर किंवा वाफ. पण बॅटरी संपत आली असेल तर हा क्रम बदलावा लागतो.

फोन उचलतानाही एक बारकावा आहे. कडेची दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबून धरली, की अलीकडच्या आयफोनवर फोन बंद करण्याचा आणि आपत्कालीन कॉलचा पडदा येतो आणि त्यानंतर चेहऱ्याने फोन उघडत नाही, पासकोडच लागतो. मुठीत घट्ट धरून उचललं तर हे नकळत होतं. म्हणून वरच्या आणि खालच्या कडेने उचला. तसंच फोन आपल्या तोंडासमोर धरू नका. चेहरा ओळखण्याचे पाच प्रयत्न फसले की तो मार्ग बंद होतो, आणि कुतूहलाने डोकावणाऱ्या प्रत्येक अंमलदाराचा चेहरा त्यातला एखादा प्रयत्न वाया घालवू शकतो.

चालू असेल तर चालू ठेवा, बंद असेल तर बंदच राहू द्या

पूर्वीची सवय फोन लगेच बंद करण्याची होती. आजच्या फोनच्या बाबतीत ती महागात पडते. फोन सुरू झाल्यावर मालकाने एकदा पासकोड टाकला, की आतली माहिती उघडण्याच्या किल्ल्या स्मृतीत येतात आणि पडदा पुन्हा लॉक झाला तरी त्यातल्या बऱ्याच तिथेच राहतात. प्रयोगशाळेतले लोक या अवस्थेला ‘पहिल्या अनलॉकनंतरची’ म्हणतात. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की किल्ल्या जातात आणि फोन ‘पहिल्या अनलॉकआधीच्या’ अवस्थेत येतो. तिथून पासकोडशिवाय मिळणारी माहिती फारच तुटपुंजी असते.

दोन अवस्था कशा ओळखायच्या? लॉक असलेल्या फोनवर कॉल आला आणि नाव दिसलं, तर संपर्कांची यादी उघडी आहे. फक्त क्रमांक दिसला तर बहुधा ती अजून बंद आहे. सुरू केल्यानंतर पासकोड लागेल अशी सूचना पडद्यावर असेल तर तेही तेच सांगतं. मात्र यासाठी मुद्दाम कॉल लावून पाहू नका. सहज दिसलं ते लिहा, एवढंच.

ही अवस्था आता आपोआपही जाते. आयओएस १८ मालिकेपासून आयफोन सलग ७२ तास उघडला गेला नाही तर स्वतःहून पुन्हा सुरू होतो, आणि हे फॅरेडे पिशवीतही (सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या कापडाच्या पिशवीत) घडतं, कारण त्याला नेटवर्क लागत नाही. अँड्रॉइडवरही २०२५ मध्ये तीन दिवस लॉक राहिल्यावर पुन्हा सुरू होण्याची सोय आली. केबलचा मार्ग तर त्याहून आधी बंद होतो: २०१८ च्या आयओएस ११.४.१ पासून, फोन लॉक होऊन एक तास झाला की खाचेतून माहितीची देवाणघेवाण थांबते, फक्त चार्जिंग चालतं. याचा अर्थ सरळ आहे. शुक्रवारी जप्त केलेला फोन सोमवारी पाठवू म्हणून कपाटात ठेवला, तर प्रयोगशाळेत तो वेगळ्याच अवस्थेत पोहोचतो. पाकिटावर ‘चालू आणि लॉक’ असं लाल शाईने लिहा, शेवटचा अनलॉक माहीत असेल तर त्याची वेळ लिहा, आणि त्याच दिवशी रवाना करा.

फोन उघडा सापडला तर तो नशिबाचा भाग. पडदा झोपू देऊ नका. स्वयंलॉकची वेळ वाढवण्याची गरज पडली तर अधिकाराची खात्री करून वाढवा आणि किती वाजता कोणती सेटिंग बदलली ते नोंदवा. संदेश चाळत बसू नका. एक न वाचलेला संदेश उघडला तरी त्याची ‘वाचला’ अशी नोंद होते, आणि तो आरोपीने वाचला की पोलिसांनी, हा प्रश्न उलटतपासणीत विचारला जातोच.

नेटवर्कपासून तोडणं

विमान मोड हा पहिला उपाय, पण तो पुरेसा नाही. अनेक फोनवर विमान मोड लावल्यावरही वायफाय किंवा ब्लूटूथ चालूच राहतं. ते वेगळं बंद करावं लागतं. सिम काढल्याने काम झालं असं समजू नका, कारण ई-सिम काढता येत नाही आणि वायफायवरूनही पुसण्याचा आदेश पोहोचतो. शिवाय काही फोन सिम काढताच लॉक होतात.

फॅरेडे पिशवी त्यामुळेच लागते. वापरण्याआधी तिची चाचणी घ्या: स्वतःचा फोन आत ठेवा, तोंड दोनदा दुमडून बंद करा आणि त्यावर कॉल लावा. वाजला तर पिशवी निकामी. मग वायफाय आणि ब्लूटूथनेही तीच परीक्षा करा. पिशवीचं धातूचं कापड वारंवार घडी पडणाऱ्या रेषेवर तडकतं, आणि बाहेरून ते कळत नाही. पिशवी नसेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे तीन-चार थर, कडा नीट दाबून. तात्पुरता उपाय म्हणून चालतं, विश्वास ठेवण्यासारखं नाही.

पिशवीत गेलेला फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर संपते. म्हणून विमान मोड लावूनच आत ठेवा, आणि सोबत चार्ज केलेली पॉवर बँक पिशवीच्या आतच जोडा. केबल बाहेर काढून भिंतीतल्या सॉकेटला जोडली तर तीच केबल अँटेनाचं काम करते आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

पाण्यात सापडलेला फोन

सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, वाळवू नका. बॅटरी निघण्यासारखी असेल तर काढा. उरलेला फोन ज्या पाण्यात सापडला त्याच पाण्यात, झाकण असलेल्या डब्यात बुडवून पाठवा. मात्र द्रव आम्लासारखा जाळणारा असेल तर नाही. हे उलटं वाटतं खरं, पण धातू गंजण्याचा वेग ओला फोन हवेत वाळू लागल्यावर वाढतो. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र पुराव्याआधी माणसं: दाबू नका, टोचू नका, बंद गाडीत मांडीवर घेऊन बसू नका.

आयएमईआय, हॅश आणि वेळा

आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, १५ अंकी असतो आणि दोन सिमच्या फोनला दोन असतात. कागदावर उतरवताना एक अंक चुकणं नेहमीचंच. शेवटचा अंक हा पडताळणीसाठीच असतो: डावीकडून दर दुसरा अंक दुप्पट करा, दोन अंकी आला तर त्याचे अंक मिळवा, मग सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला दहाने भाग गेला नाही तर कुठेतरी चूक आहे. तीस सेकंदांचं काम आहे, आणि मोबाईल कंपनीला चुकीच्या क्रमांकाचं पत्र जाणं त्याने टळतं.

प्रयोगशाळेने काढलेल्या प्रतीची हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून गणिताने काढलेली छोटी ओळखखूण, त्याच वेळी मोजून अहवालात यायला हवी. एसएचए-२५६ या पद्धतीची हॅश ६४ चिन्हांची असते. नुसतं एमडी५ आता पुरेसं मानू नका. २००४ मध्ये वेगवेगळ्या मजकुरांची सारखीच एमडी५ हॅश तयार करून दाखवली गेली, आणि २०१७ मध्ये एसएचए-१ चंही तेच झालं. एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. चालू फोनमधून दोनदा माहिती काढली तर दोन्ही वेळच्या हॅश वेगळ्या येऊ शकतात, कारण मधल्या वेळात फोन आत काही ना काही लिहीत असतो. हॅश ही काढलेल्या प्रतीची ओळख आहे, फोनची नाही. हे पंचनाम्यात आणि साक्षीत चुकीचं सांगितलं गेलं, तर चांगला पुरावा विनाकारण संशयात येतो.

वेळांच्या बाबतीत अहवाल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे की स्थानिक? फोनमधल्या बऱ्याच नोंदी १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असतात, अ‍ॅपलच्या बऱ्याच नोंदी १ जानेवारी २००१ पासूनच्या. दोन्हींत ९७,८३,०७,२०० सेकंदांचा फरक आहे. म्हणून एखादी ताजी नोंद बरोबर ३१ वर्षं मागची दिसली, तर चूक मोजणीच्या आरंभबिंदूत शोधा.

साक्षीदाराचा फोन

साक्षीदाराने चित्रण केलं असेल तर ‘मला मेसेज करून पाठवा’ असं म्हणू नका. मेसेजिंग अ‍ॅपमधून गेलेला व्हिडिओ पुन्हा दाबून लहान केला जातो, आणि चित्रणाची वेळ, ठिकाण, उपकरण या नोंदी बहुतेक वेळा गळून जातात. बनावट चित्रणं सहज तयार होण्याच्या या काळात नेमक्या त्याच नोंदींवर खरेखोटेपणा तपासायचा असतो. केबलने मूळ फाइल घ्या, साक्षीदारासमोर हॅश मोजा, आणि फोन त्याच्याकडेच राहणार असेल तर मूळ फाइल खटला संपेपर्यंत न पुसण्याची लेखी विनंती करा. त्याच्या फोनमधली बाकी कुठलीही फाइल घेऊ नका, आणि घेतली नाही हेही लिहा.

नोंदीत शेवटी ही माहिती असलीच पाहिजे: फोन कोणत्या अवस्थेत मिळाला, किती टक्के बॅटरी होती, किती वाजता पिशवीत गेला, मध्ये कुणाच्या हातात होता, आणि प्रत्येक हस्तांतराची सही व मिनिटापर्यंतची वेळ. एखादं चुकीचं बटण दाबलं गेलं असेल तर तेही त्याच वेळी, त्याच शाईत लिहा.