वंशवाचक शब्दाचा माग कसा काढावा

एखाद्या वंशाच्या लोकांना दिलेले नाव कोठून आले आणि त्याचा अर्थ कसकसा बदलला, हे शोधायचे असेल तर एका वेळी एकच शब्द हाती घ्यावा. मराठी वाचकाने ‘हबशी’ या शब्दापासून आरंभ करावा, असे मी सुचवेन. तो आपल्या इतिहासात जागोजागी भेटतो आणि आपण त्यापाशी क्वचितच थांबतो.

आधी कोश उघडावा. ‘हबश’ हे अबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडील प्रदेशाचे अरबी नाव. तेव्हा नाशिकचा तो नाशिककर, तसा तिकडचा तो हबशी. मात्र व्युत्पत्ती सापडली म्हणजे शोध संपला, असे मानू नये.

यानंतर तो शब्द कोणत्या काळी कोणत्या कामी येत होता, हे पाहावे. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, तेव्हा निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती होता. त्या दरबारात ‘दखनी’प्रमाणे ‘हबशी’ हेही एका बलवान गटाचे नाव होते. आज हिंदी-उर्दू बोलण्यात तोच शब्द आफ्रिकी माणसाला त्याच्या वर्णावरून हिणवण्यासाठी येतो. म्हणून ऐतिहासिक संदर्भाबाहेर तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की हे नाव कोणी कोणाला दिले. याचे उत्तम उदाहरण नाशिकच्या शरणपुरात आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथील ख्रिस्ती मिशनमध्ये शिक्षण मिळत असे. त्यांतलाच जेकब वेनराइट हा १८७४ मध्ये आफ्रिकेचा संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. इंग्रजांच्या लेखी ही मुले ‘नासिक बॉईज’ होती, आणि आफ्रिकेत परतल्यावर आजच्या केनियातील मोंबासा बंदराच्या परिसरात अशा लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. जन्मभूमीत परतलेल्या माणसांना ओळख मिळाली ती समुद्रापलीकडच्या मुंबईची! शरणपूर रस्त्याने जाताना मला दर वेळी याची आठवण होते.

अमेरिकेतील शब्दांनाही हीच कसोटी लावावी. ‘निग्रो’ हा ‘काळा’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दातून आला. १९६० च्या दशकात अनेकांनी तो टाकून ‘ब्लॅक’ हा शब्द अभिमानाने स्वीकारला, आणि १९८८ मध्ये त्या समाजाचे नेते जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’चा आग्रह धरला. येथे नाव बदलण्याचा पुढाकार त्याच समाजाचा होता, ही बाब वेगळी नोंदवावी.

नोंदीसाठी वहीत चार रकाने आखावेत: वर्ष, शब्द वापरणारा, ज्याला उद्देशून तो वापरला तो, आणि त्या माणसाचे स्वतःसाठीचे नाव. चौथा रकाना पुष्कळदा रिकामा राहील, कारण जुन्या कागदांत त्या माणसाचा आवाजच नसतो. अशा वेळी तर्काने तो भरू नये, रिकामाच ठेवावा.