आयटी कंपनीतली स्त्री-पुरुष पगारतफावत कशी मोजावी

पगारपत्रक एक्सेलमध्ये घ्या. नावं काढून टाका. हुद्दा, ग्रेड, अनुभवाची वर्षं, लिंग, मूळ पगार, बोनस आणि शेवटच्या बढतीची तारीख एवढंच ठेवा. सरासरी काढू नका, कारण वरच्या दोन-तीन गलेलठ्ठ पगारांनी ती फुगते. प्रत्येक ग्रेडमध्ये पुरुषांचा आणि स्त्रियांचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वेगवेगळा काढा. पुरुषांचा ८०,००० आणि स्त्रियांचा ७२,००० आला, तर तफावत १० टक्के. गटात पाचपेक्षा कमी जणी असतील तर शेजारचा ग्रेड जोडून घ्या, नाहीतर एकीच्या पगाराने आकडा हलतो.

ग्रेडनिहाय तफावत शून्याजवळ आली म्हणून निश्चिंत होऊ नका. खरी गळती बहुधा बढतीत असते. बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्यांचं त्या वर्षाचं रेटिंग वेगळं तपासा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पण अर्धं वर्ष कामच दिसत नाही म्हणून मॅनेजर 'सरासरी' शेरा मारतो आणि बढती दोन वर्षं लांबते. हा सरळ अन्याय आहे. अशा वेळी रजेआधीचं रेटिंग कायम धरा.

नव्या भरतीत 'आधीचा पगार किती?' हा प्रश्नच वगळा. ग्रेडची पगारमर्यादा आधी सांगा. मागची तफावत याच प्रश्नातून पुढच्या नोकरीत शिरते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर कायद्यानेच बंधनकारक आहे, तेही तपासा.