पाना लावण्याआधी : इंजिन खोलून तपासण्याच्या कामाविषयी

टिअरडाउन टेक्निशियन नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की मी ‘इंजिन खोलतो’ एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे मेकॅनिकच की! मेकॅनिकला इंजिन पुन्हा चालू करून द्यायचं असतं. आम्हाला बहुतेकदा ते चालू करायचंच नसतं. ते का बंद पडलं, किंवा इतके तास पळवूनही का बंद पडलं नाही, हे शोधायचं असतं. टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन बांधून पळवायच्या चौकटीवर, टिकाऊपणाची चाचणी पार करून आलेलं धडधाकट इंजिनही आमच्या टेबलावर सुटं होतं. माझ्या मते ते काम जास्त अवघड. फुटलेल्या इंजिनात निदान कुठे बघायचं ते कळतं.

असं काम इंजिन बनवणाऱ्यांच्या टेस्ट विभागात मिळतं, वॉरंटीत परत आलेली इंजिनं तपासणाऱ्या विभागात मिळतं, जहाज-रेल्वे-जनरेटरच्या मोठ्या डिझेल इंजिनांच्या ओव्हरहॉल शॉपमध्ये आणि विमानांच्या इंजिन शॉपमध्येही मिळतं. पहिल्या दोन ठिकाणी कारण शोधायचं असतं. उरलेल्या दोन ठिकाणी मुख्य प्रश्न असतो, हा भाग पुन्हा बसवायचा की भंगारात टाकायचा. मी पहिल्या प्रकारातला, त्यामुळे पुढचं सगळं त्या अंगाने आलंय.

नव्या मुलांच्या डोक्यात एक गोष्ट शिरायला वेळ लागतो. परत जोडता येतं, पण जसं आलं तसं इंजिन एकदाच खोलता येतं. बोल्ट सैल केला की तो किती घट्ट होता ही माहिती गेली. ऑइल वाहून गेलं की त्यात काय होतं ते गेलं. त्यामुळे हातात पाना येण्याआधीच अर्धं काम झालेलं असावं लागतं. चारही बाजूंनी फोटो, कुठून ओल आलीय त्याचे जवळून फोटो, नंबर प्लेट, तुटलेल्या क्लिपा, कुणी आधी उघडलंय का याच्या खुणा. इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते बघणं. ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत, धार सुरू झाल्यावर मधलाच. कूलंटचाही घ्यायचा.

ऑइल फिल्टर फेकायचा नाही, कापून बघायचा. तो हॅकसॉने कापू नका. ब्लेडचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातला धातू कुठला आणि तुमचा कुठला, हे सांगता येत नाही. त्यासाठी चाक असलेला फिल्टर कटर मिळतो. कागदाच्या घड्या उलगडून पसरा, चुंबक फिरवा. चिकटला तो लोखंड-पोलादाचा, नाही चिकटला तो बहुधा ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर. एवढ्यावरूनच आत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो.

जोडलेल्या अवस्थेतच घ्यायची मापंही असतात. क्रँकशाफ्टचा पुढे-मागे होणारा प्ले, गिअरचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा), व्हॉल्व्ह क्लिअरन्स, टायमिंगच्या खुणा जुळतात का. यातलं काही राहिलं तर इंजिन परत जोडूनही ते खरं मिळत नाही. बोल्ट सुटताना किती टॉर्क लागला हेही बऱ्याच ठिकाणी नोंदवतात. म्हणून इम्पॅक्ट गन कपाटातच राहू दे.

आता प्रत्यक्ष खोलणं. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सोडायचे, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. हेड गरम असताना सोडलं तर ते वाकतं, आणि मग सपाटी तपासताना तो वाक इंजिनाने केला की तुम्ही, हा वाद सुरू होतो. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, वरच्या काठाला झिजेमुळे कड तयार झाली असेल तर पिस्टन तसाच वर ढकलू नका, रिंग आणि रिंगमधली भिंत तुटते. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बाहेर आलेले असतील तर त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) ओरखडा पडलाच म्हणून समजा.

कॅपच्या बाबतीत तडजोड नाही. मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँकशाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगच्या, कॅप (खालचे अर्धे भाग) ब्लॉकवर बसवूनच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे जागा किंवा दिशा बदलली की भोक गोल राहत नाही. हल्लीच्या कित्येक कनेक्टिंग रॉडमध्ये मोठं टोक मुद्दाम तडकवून दोन भाग केलेले असतात, त्या खडबडीत तोंडांची जोडी एकमेकांशीच जुळते. ती तोंडं खाली करून टेबलावर आपटलीत तर जोडी संपली. खुणा पेंट मार्करने करा. पंच मारायची जुन्या कारागिरांची सवय इथे चालत नाही.

आणि धुवायचं नाही. हे मला जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं. स्वच्छ भाग दिसायला छान दिसतो, पण पिस्टनवरचा कार्बन, सम्पमधला (खालच्या ऑइलच्या टाकीतला) गाळ, गॅस्केटवरची काळी रेघ हे सगळं पुरावे आहेत. लायनरवर कार्बनची पट्टी नेहमीपेक्षा खाली सरकलेली दिसली आणि रॉड थोडा आखूड भरला, तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा इंधन साचून रॉड वाकल्याची शंका घ्यायला जागा आहे. आधी न धुता फोटो, मग धुणं, मग पुन्हा फोटो.

सगळ्यात जास्त बोलतात ते बेअरिंगचे शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या. ते काढल्याबरोबर ट्रेमध्ये क्रमाने, वरचा-खालचा, पुढची बाजू पुढे, असे मांडायचे. चार-स्ट्रोक इंजिनात ज्वलनाचा धक्का रॉडच्या वरच्या शेलवर आणि मेनच्या खालच्या शेलवर येतो, त्यामुळे तिथे थोडी झीज असणं साहजिक आहे. उलट बाजू जास्त झिजली असेल तर थांबून विचार करावा. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची विरुद्ध कड घासली असेल तर रॉड वाकला असण्याची शक्यता. मग त्याच सिलिंडरचा पिस्टन उचला, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) तिरकी घासण दिसते का बघा. आतल्या बाजूला एकच चकचकीत डाग असेल तर शेल उलटा करा. पाठीमागे त्याच जागी खूण असली तर बसवताना मध्ये कचरा राहिला होता. पाठ न बघता शेल पिशवीत टाकणारे खूप आहेत, आणि निम्मी माहिती त्या पाठीवर असते.

पिस्टनचंही तसंच. डोक्याच्या मधोमध वितळून भोक पडलं असेल तर वेळेआधी पेट घेण्याचा संशय. कडेला बारीक खड्डे आणि रिंगांमधल्या भिंती तुटलेल्या असतील तर नॉकिंगचा, म्हणजे इंधन झटक्याने पेटून ठोके बसल्याचा. चारही बाजूंनी घासून धरला असेल तर अतिउष्णता किंवा कमी क्लिअरन्स. वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणारा लायनर, असेल तर त्याची पाण्याकडची बाजू बघायला विसरू नका. लायनर थरथरतो, कूलंटमध्ये बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड पोखरत जातात. आतून आरशासारखा दिसणारा लायनर बाहेरून चाळणी झालेला असू शकतो.

मग मापं. जगभर मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, हे १९३१ मध्ये ठरलं. याला कंटाळवाणी औपचारिकता समजू नका. १०० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १० अंशांनी तापला की साधारण ०.०२ मिलिमीटरने फुगतो, आणि पिस्टन-लायनरमधली मोकळी जागाच काही शतांश मिलिमीटरची असते. म्हणून भाग आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच खोलीत रात्रभर ठेवतात. बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजायचा, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. त्यातून टेपर (वर-खाली व्यासातला फरक) कळतो, अंडाकृतीपणा कळतो. मोजताना ड्रॉइंगवरची मर्यादा समोर ठेवू नका. आकडा काय यायला हवा हे माहीत असलं की हात नकळत तिकडे वळतो. दुसऱ्याने मोजलेले आकडे तर आधी बघूच नयेत.

तडे शोधण्याचं काम वेगळं. पोलाद आणि ओतीव लोखंडासाठी चुंबकीय पावडर, ॲल्युमिनियम-टायटेनियमसाठी पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा रंगीत द्रव. चुंबकीकरण दोन दिशांनी करावं लागतं, कारण चुंबकीय क्षेत्राला समांतर असलेला तडा दिसतच नाही. पद्धत पुस्तकातून शिकता येते. कठीण काय, तर शंभर चांगले भाग बघितल्यावर पुढचाही तितक्याच सावधपणे बघणं. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट २३२ हे डीसी-१० विमान कोसळलं, ११२ जण गेले. मागच्या इंजिनातली टायटेनियमची फॅन डिस्क उडताना फुटली होती. चौकशीत निघालं ते असं की तिच्यातला थकव्याचा तडा आधीच्या तपासणीच्या वेळी सापडण्याजोगा होता आणि तो निसटला. तपासणीच्या पद्धती ठरवताना माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असं चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं. म्हणून डोळे थकले की सांगायला लाजू नका, आणि तसं सांगता येत नाही अशा जागी फार दिवस टिकू नका.

तुटलेला भाग हाती आला तर दोन तुकडे एकमेकांत बसवून बघायचा मोह आवरा. तुटलेल्या तोंडावर थकव्याच्या तड्याच्या बारीक कमानी असतात, त्यांवरून तडा कुठून सुरू झाला ते कळतं. एकदा घासल्या की संपल्या. तोंडाला बोट लावू नका, पुसू नका, कोरडा ठेवा आणि मेटलर्जीवाल्यांकडे द्या.

रिपोर्टमध्ये नवी माणसं हमखास निष्कर्ष लिहून मोकळी होतात : ‘ऑइल कमी पडल्याने बेअरिंग गेलं.’ तुम्ही ऑइल कमी पडताना बघितलं नाही. तुम्ही बघितलं ते असं : तीन नंबरचा रॉड, वरचा शेल, मधल्या भागात तांब्याचा थर उघडा, जर्नल निळसर, ऑइलचं भोक मोकळं. एवढंच लिहा. कारण ठरवायच्या बैठकीत डिझाइनवाले पुरवठादाराकडे बोट दाखवतात, पुरवठादार जोडणीकडे, जोडणीवाले वापरणाऱ्याकडे. त्या खोलीत कुणाच्याच बाजूचा नसलेला कागद फक्त तुमचा असतो. ‘हे वाक्य जरा सौम्य करा’ असा निरोपही येतो. वाक्य बदलता येतं, माप बदलायचं नाही.

सुरक्षेतल्या चार गोष्टी प्रशिक्षणात घाईत उरकल्या जातात. जळालेल्या इंजिनातल्या फ्लोरो-रबरच्या सील काळ्या, चिकट झालेल्या असतील तर उघड्या हाताने शिवू नका, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असू शकतं. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असतात आणि आत सोडियम भरलेलं असतं. माहीत नसताना व्हॉल्व्ह कापायला घेऊ नका. कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना प्रचंड दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, दाब पूर्ण उतरल्याशिवाय नळी सैल करू नका. धार कातडीतून आत गेली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ते थेट ऑपरेशनचं प्रकरण असतं. आणि वापरलेल्या ऑइलला रोज हात लावणं त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढवतं, तेव्हा ग्लोव्ह्ज हवेतच.

शिक्षण डिझेल मेकॅनिकच्या कोर्सचं असो की मेकॅनिकल डिप्लोमाचं, ड्रॉइंग वाचता येणं आणि दोन सरळ वाक्यं लिहिता येणं, हे दोन्ही जमायला हवं. पुढे जायला वाटा आहेत : मापनशास्त्र, फेल्युअर ॲनालिसिस, किंवा आयएसओ ९७१२ (भाग न तोडता तपासणी करणाऱ्यांच्या प्रमाणपत्राचं मानक) खालच्या तपासणीच्या तीन पातळ्या. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हे काम संपेल का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. मोटरलाही बेअरिंग असतात, आणि त्यांतून वीज वाहिली की रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) समान अंतराने आडव्या पन्हळी उमटतात. त्या ओळखणारी माणसं आत्ताच कमी पडतायत.

मुलाखतीत बहुधा एक वापरलेला शेल हातात देतात आणि विचारतात, काय दिसतं? ‘घाण ऑइल वापरलंय’ असं पटकन सांगणारे पुष्कळ येतात. तो शेल आधी उजेडात धरा, कडा बघा, नंबर वाचा, आणि काही बोलायच्या आत उलटा करून पाठ बघा.