नागपुरात राऊटर घेण्याआधी कूलरची खिडकी बघा

मिहानमध्ये नाहीतर हिंगण्याला नोकरी लागून आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडची पोरं इथं येतात आणि पहिल्या महिन्यातच विचारतात, "दादा, वायफाय लई मार खातंय, कुठला राऊटर घेऊ?" मला नागपुरात चौदा वर्षं झाली, भाड्याची चार घरं झाली. दर वेळी एकच उत्तर लिहून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी भाषा. इथं "लाईन गेली" म्हणजे वीज गेली. मी नवा होतो तेव्हा ऑफिसातून घरी फोन केला, भंडाऱ्याचा रूम पार्टनर म्हणाला, "लाईन गेली ना भाऊ." मी केबलवाल्याला फोन करून कचाकचा भांडलो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मंग मी काय करू जी, पूर्ण मोहल्ल्याचीच गेली."

तर राऊटर. दुकानात जाण्याआधी लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड तपासा. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि केबलवर ९०-९५ मिळतंय, म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक आहे, दोष घरातल्या वायफायचा. केबलवरसुद्धा तीसच येत असेल, तर केबल किंवा लॅपटॉपचा पोर्ट खराब नाही ना हे पाहून कंपनीकडे तक्रार करा. अशा वेळी महागडा राऊटर आणून फक्त डब्याचा रंग बदलतो.

आता इथला खरा विषय, उन्हाळा. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. नागपूरचा मे महिना ४५ पर्यंत सहज जातो, तोही सावलीत. माझं पहिलं घर मनीषनगरला, सगळ्यात वरचा मजला. "वरून रेंज चांगली पसरते" म्हणून मी राऊटर माळ्यावर, स्लॅबला टेकवून ठेवला होता. एप्रिल लागला आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला मीटिंग तुटायला लागली. सकाळी ठीक, रात्री ठीक. मी दोनदा तक्रार केली, चॅनल बदलले, रिसेट मारलं. शेवटी केबलवाल्याचा लाईनमन पोरगा आला, स्टुलावर चढला, डब्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. "स्लॅबच्या खाली ठेवला तं शिजनच ना भाऊ!" तापलेला राऊटर स्वतःला वाचवायला कधी वेग कमी करतो, कधी सरळ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. डबा खाली आणून बैठकीतल्या कपाटावर, पंख्याची हवा लागेल असा ठेवला. एक रुपया न घालवता मीटिंगा सुरळीत झाल्या.

दुसरी गंमत कूलरची. हिवाळ्यात घर घेतलंत तर खिडकीजवळची जागा मोकळी दिसेल. तिथं राऊटर मांडू नका, मार्चअखेर त्याच खिडकीत कूलर येणार. पत्र्याचं खोकं, आत पाणी भरलेली टाकी आणि ओल्या ताट्या, म्हणजे गवताच्या जाळ्या. पत्रा सिग्नल अडवतो, पाणी सिग्नल पितं आणि दमट हवेनं पिना गंजतात त्या वेगळ्याच.

खरेदीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं. ड्युअल बँडच घ्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून लांब जातो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राऊटरांनी गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 'एसी १२००' म्हणजे दोन बँडचे ३०० आणि ८६७ मिळवून फुगवलेली बेरीज, तीही कागदावरची. त्यापेक्षा मागचे पोर्ट बघा. स्वस्त मॉडेलात ते १०० एमबीपीएसचे असतात, मग २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊनही ९५ च्या वर जाणार नाही. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे पोर्ट, असं लिहिलेलं हवं. पाच-सहा जण एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर वायफाय ६ घ्या, एकाच वेळी बरीच उपकरणं तो नीट सांभाळतो. एकट्यादुकट्याला चांगला वायफाय ५ पुरतो.

बेसा-मानेवाड्याच्या टू बीएचकेला एक राऊटर मधोमध ठेवला की काम भागतं. महालातल्या जुन्या वाड्यात खोली घेतलीत तर गोष्ट वेगळी; दीड-दोन फुटी भिंतीपुढं कसलाही अँटेना हात टेकतो. तिथं लॅन केबल ओढून दुसऱ्या टोकाला फक्त वायफाय पसरवायला जुनाच राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा: त्याच्या सेटिंगमधलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा आणि केबल बाहेरचं नेट घेणाऱ्या वॅनऐवजी लॅन पोर्टात.

फायबरवाल्यांनी दिलेला डबा फेकायचा नाही, तो त्यांच्याकडे नोंदवलेला असतो. त्याचं वायफाय बंद करा आणि आपला राऊटर त्याच्या मागं जोडा. गल्लीतला केबलवाला कधी कधी जुन्या राऊटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या डब्याचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतो. नवा लावल्यावर नेट आलं नाही तर घाबरू नका, त्याला फोन करून बदलून घ्या.

मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राऊटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घ्याच. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, आणि फायबरचा डबा व राऊटर दोन्ही त्यावर घ्या. एकच चालू राहून उपयोग नाही. तुमचं नेट गच्चीवरून तांब्याच्या केबलनं येत असेल तर जूनच्या आधीचा कडकडाट सुरू होताच ती केबल काढून ठेवा. माझा एक राऊटर असाच गेला, लॅन पोर्ट जळून. काचेच्या फायबरमधून ती भीती नाही.

खरेदी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात करा. ऑनलाइन थोडं स्वस्त पडेल, पण बिघडलं तर बर्डीचा दुकानदार समोर उभा असतो. आणि कूलर बाहेर काढाल त्या रविवारीच राऊटरची जागाही बदलून टाका. फक्त त्या दिवशी मला फोन करू नका, मी कूलरच्या ताट्या बदलत असतो.