हेलसिंकीत डिझाइन बघायचंय? आधी सिंकवरचं कपाट उघडा

मी ठाण्याला नौपाड्यात ब्लाउज शिवते. लेकीकडे हेलसिंकीला तीन आठवडे राहून आले. तुम्ही गेलात तर म्युझियमच्या आधी घरातलं सिंकवरचं कपाट उघडा. तळ नाही, नुसत्या जाळ्या. ओल्या ताटल्या तिथेच निथळतात, दार लावलं की पसारा गायब. आपल्या स्टीलच्या मांडणीला दार लावावं तसं! मला हे चाळिशीआधी का नाही कळलं?

मग फिनलंडचे वास्तुशिल्पी आल्वार आल्तो यांचं १९३३ सालचं तीनपायी स्टूल. वाकवलेल्या बर्चचे पाय थेट बैठकीला स्क्रूने जोडलेत. बसून बघा.

मारिमेक्को या छापील कापडाच्या फिनिश कंपनीच्या दुकानात किमतीला घाबरू नका, कापड हातात घ्या. संस्थापक आर्मी रातिया म्हणाल्या होत्या, फुलं छापायची नाहीत. त्यांचीच डिझायनर माइया इसोला, तिने १९६४ मध्ये भलीमोठी खसखशीची फुलंच काढली. बाई आवडली मला.

जुन्या भांड्यांसाठी हिएतालाहतीचा जुना बाजार. बशी उलटी करून अरेबिया या फिनिश भांडी कंपनीचा शिक्का वाचा, कडेवरून बोट फिरवा, टवका लगेच कळतो.

फिस्कर्सची नारिंगी मुठीची कात्री, १९६७ पासूनची, मी घेतलीच. ती चेक-इन बॅगेतच टाका. काचेचं भांडं सुती साडीत गुंडाळलं, ठाण्यापर्यंत शाबूत आलं.