फिरायला मिररलेस कॅमेरा घ्यायचा, तर आधी लेन्स ठरवा

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. दुकानात आधी बॉडीच (लेन्सशिवायचा कॅमेरा) हातात देतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स मात्र त्याच माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) बांधलेल्या राहतात. त्यामुळे सोलापुरातून तुम्ही कुठे जाता आणि काय टिपता, ते आधी पक्कं करा.

नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणीमहालासारख्या अरुंद जागी मागे सरकायला वाव नसतो. तिथे लेन्सची रुंद बाजू, म्हणजे कमी मिमीची, कामी येते. एपीएस-सी हा फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप); त्यावर दृश्य दीडपट जवळ दिसतं, म्हणून १६ मिमी म्हणजे फुल फ्रेमचे २४, आणि १८ मिमी म्हणजे २७. कॅननचा हा गुणक दीडऐवजी १.६ असल्यामुळे तिथे १८ चे जवळपास २९ होतात. विजयपूरच्या गोल घुमटासमोरही हा फरक नडतो. नान्नजच्या माळावरच्या काळविटांना मात्र २०० मिमीसुद्धा तोकडी पडते. सोनीची ७०-३५० मिमी लेन्स तिथे शोभते, पण तिचं वजन ६२५ ग्रॅम. वर्षातून एकदाच माळावर जाणाऱ्यांनी तिच्या नादी लागू नये.

खरी परीक्षा अंधारात होते. किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारी) झूम केली की एफ ५.६ किंवा ६.३ वर येते; एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. गाभाऱ्यात एफ ५.६ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत असेल, तर त्याच शटरला (प्रकाश आत घेण्याच्या वेळेला) एफ २.८ वर १६०० पुरतो आणि एफ १.४ वर ४००. स्टॅबिलायझेशन इथे अर्धंच काम करतं: तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. सोलापूरच्या गड्डा यात्रेत चालता माणूस स्पष्ट हवा असेल तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवा. एलईडी रोषणाईत फोटोवर आडवे पट्टे आले तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल (खरा पडदा हलवणारं) लावा आणि १/१०० वर या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून हा आकडा. हालचाल थोडी पुसट येईल, ती चालवून घ्या.

आमच्या मते सोनी ए६४०० (बॅटरी-कार्डासह ४०३ ग्रॅम), सिग्मा १८-५० एफ २.८ लेन्स (२९० ग्रॅम) आणि सिग्मा ३० एफ १.४ (२६५ ग्रॅम) हा संच किलोच्या आत बसतो. उणीव एकच, यात कुठेच स्टॅबिलायझेशन नाही. ५० मिमीला १/८० च्या खाली जाऊ नका. ते जमणार नसेल तर १८-५० ऐवजी टॅमरॉन १७-७० लेन्स घ्या. तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे, पण ती ५२५ ग्रॅमची.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, त्याचं तोंड खाली धरा आणि हे काम बंद खोलीत उरका. सेन्सरवर धूळ बसली की नाही ते पाहायला एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकलं तर थुंकी उडून डाग चिकटतो. मे महिन्यात कॅमेरा उभ्या गाडीत ठेवू नका. बॅटऱ्या दोन जास्तीच्या घ्या.

खरेदीच्या वेळी जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा, आणि खोक्यावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून पाहा.